शोधनिबंधावर कोणाची नावं घालायची, हे कसं ठरवावं

काम झालं आहे, आकडे तपासून झाले आहेत, मसुदा तयार आहे, असं धरून चालते. आता शीर्षकाखाली नावं घालायची आहेत. इथे सगळीकडून एकच सल्ला मिळतो: 'घालून टाक की, तुझं काय जातं?' इतका वाईट सल्ला दुसरा नाही. उद्या तुमच्या तक्त्यातल्या एखाद्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं, तर उत्तर द्यायला कोण कोण बांधील आहे, त्यांची ही यादी असते. ती करताना दुसरा कुठलाही हिशोब मनात आणू नका.

१. नियतकालिकाचे निकष वाचा

लेखकांसाठीच्या सूचनांत ते असतातच. वैद्यकीय नियतकालिकं बहुधा आयसीएमजेईचे, म्हणजे १९७८ साली व्हँकुव्हरला जमलेल्या संपादकांच्या गटातून उभ्या राहिलेल्या समितीचे निकष मानतात. ते चार आहेत. कल्पना, आखणी, डेटा गोळा करणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांत भरीव वाटा. मसुदा लिहिणं किंवा त्यात वैचारिक भर पडेल अशी दुरुस्ती करणं. अंतिम मसुद्याला मंजुरी. आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही लागतात. तीन चालत नाहीत. नुसता निधी मिळवून देणं, विभागाचं प्रमुख असणं, भाषा तपासून देणं यांची जागा ऋणनिर्देशात. इतर विषयांत तपशील बदलतात, पण गाभा हाच.

२. कोणी काय केलं याचा तक्ता करा

क्रेडिट (CRediT) नावाची, संशोधनात कोणी काय केलं हे सांगणारी १४ भूमिकांची यादी आता बरीच नियतकालिकं मागतात. ती सगळ्यांना पाठवा आणि आपापली ओळ ज्याची त्याला भरू द्या. दुसऱ्याची ओळ तुम्ही भरू नका.

३. न बसणारं नाव बाजूला काढा

सगळी रखडपट्टी इथे होते. प्रकल्पाच्या पहिल्या दिवशीच हे बोलून घ्यावं, असं सगळे सांगतात आणि ते बरोबरही आहे. पण तुम्ही हे आत्ता वाचताय, म्हणजे तो दिवस गेला. समोर एक ज्येष्ठ माणूस आहे, त्याने हा निबंध उघडूनही पाहिलेला नाही, आणि आपलं नाव असणार हे त्याने गृहीत धरलं आहे. मला हे संभाषण सुरुवातीला फार जड जायचं. घसा कोरडा पडायचा आणि मी विषय पुढच्या आठवड्यावर ढकलायची. ढकलू नका. मसुदा जितका पूर्ण होत जातो, तितकं नाव काढणं म्हणजे त्या माणसाला अपमान वाटत जातो.

सरळ नकाराने सुरुवात करायची नाही. 'तुम्ही काही केलेलं नाही' हे वाक्य खरं असलं तरी त्याने काहीच साधत नाही. त्याऐवजी जबाबदारी समोर ठेवा. मी साधारण असं म्हणते: "सर, अंतिम मसुद्याला तुमची लेखी मंजुरी लागेल, आणि परीक्षकांनी तिसऱ्या आकृतीच्या विश्लेषणाबद्दल विचारलं तर तुम्हालाही उत्तर द्यावं लागेल. मसुदा आणि मूळ डेटा पाठवते. चर्चेच्या भागावर तुमचं मत पंधरा दिवसांत हवं आहे." यात खोटं काही नाही आणि उद्धटपणाही नाही.

मग दोनपैकी एक होतं. तो माणूस खरंच वाचतो, दोन जागी चूक दाखवतो, एका निष्कर्षाला हरकत घेतो. तसं झालं तर पहिल्या निकषाकडे पुन्हा पाहा. कामाच्या आखणीत किंवा अर्थ लावण्यात त्याचा भरीव वाटा असेल, तर तो लेखक आहे. कुरकुर करू नका. नाही तर 'छान आहे, पाठवून द्या' एवढं उत्तर येतं. त्या उत्तरावर नाव घालायचं नाही. ऋणनिर्देशातलं वाक्य लिहून पाठवायचं आणि त्या वाक्याला त्या माणसाची लेखी संमती मागायची. गंमत म्हणजे जबाबदारीचा विषय निघाला की पुष्कळ जण स्वतःहूनच मागे सरतात.

'मोठं नाव असलं की संपादक मान देतात,' असं कोणी सांगितलं, तर त्यांना जेफ्री चेंबरलेन यांचं प्रकरण सांगा. १९९४ साली लंडनच्या माल्कम पियर्स यांनी गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ गर्भाशयात हलवून बाळ जन्माला आल्याचा दावा छापला. तो रुग्णच बनावट निघाला. चेंबरलेन हे पियर्स यांचे विभागप्रमुख, तो लेख छापणाऱ्या नियतकालिकाचे संपादक आणि ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे अध्यक्ष होते. आणि निबंधावर सहलेखक म्हणून त्यांचंही नाव होतं. त्या कामात त्यांचा हात नव्हता. तरी संपादकपद आणि अध्यक्षपद दोन्ही गेलं. भेट म्हणून मिळालेलं नाव घेणाऱ्यालाही कुठे नेतं, हे यावरून कळतं. लेखकाने स्वतःच्याच नियतकालिकात संपादक म्हणून बसावं का, हा प्रश्न वेगळाच. माझ्या मते अशा वेळी निर्णयाच्या खोलीत पाऊलही टाकू नये.

समोरचा तुमचा मार्गदर्शकच असेल आणि पदवी त्याच्या सहीवर अडली असेल, तर एकट्याने शौर्य दाखवू नका. नियतकालिकाचा नियम शब्दशः पुढे ठेवा, दुसऱ्या सहलेखकाला सोबत घ्या, संस्थेच्या संशोधन-सचोटी समितीला विचारा. संपादकाला पत्र लिहून 'तुम्हीच ठरवा' म्हणण्यात अर्थ नाही. लेखक कोण याचा निवाडा करणं संपादकाचं काम नाही. तो वाद संस्थेकडेच पाठवेल आणि तोवर निबंध थांबेल.

४. राहून गेलेलं नाव शोधा

याबद्दल कोणी बोलत नाही. वर्षभर डेटा गोळा करून नोकरी बदलून गेलेली सहायक, किंवा सांख्यिकीचं सगळं काम करून दिलेला मित्र. 'त्यांनी मसुदा कुठे लिहिलाय?' म्हणत लोक दुसऱ्या निकषाची कुऱ्हाड करतात. हा शुद्ध कावा आहे. पहिला निकष पुरा करणाऱ्याला मसुदा वाचण्याची, सुधारण्याची आणि मंजूर करण्याची संधी द्यायलाच हवी, असं आयसीएमजेईच स्पष्ट सांगते. संधी न देता 'निकषात बसत नाही' म्हणता येत नाही. फोन करा, मसुदा पाठवा, मुदत द्या. निबंध दुसऱ्याने लिहून दिला असेल आणि त्याचा कुठेच उल्लेख नसेल, तर तीही लबाडीच.

५. क्रम

गणितात आणि अर्थशास्त्रात बहुधा वर्णानुक्रम; जीवशास्त्रात आणि वैद्यकात सर्वाधिक काम करणारा पहिला, गटप्रमुख शेवटी. ठरवा, सगळ्यांना ईमेलने कळवा, पुढे चला.

६. उरलेली कागदपत्रं

हितसंबंध प्रत्येकाने स्वतः जाहीर करायचे. शंका असली तरी लिहायचेच. एआयचं नाव लेखकांत घालू नका. ते जबाबदारी घेऊ शकत नाही, म्हणून आयसीएमजेई आणि कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स या दोघांनीही २०२३ मध्ये नकार दिला आहे. वापर केला असेल तर तसं लिहा. मांजरही नको. १९७५ साली जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याच्या निबंधात सगळीकडे 'आम्ही' लिहिलं होतं. एकट्या लेखकाला 'आम्ही' चालणार नाही असं कळल्यावर, टंकलेखन पुन्हा करायला नको म्हणून त्याने आपल्या मांजराला सहलेखक केलं आणि ते छापूनही आलं.

७. पाठवल्यानंतरचे बदल

नाव वाढवायचं किंवा काढायचं तर सगळ्यांची लेखी संमती लागते, ज्याचं नाव निघतं त्याचीही. परीक्षणाच्या दुसऱ्या फेरीत अचानक नवं नाव आलं की संपादकाला संशय येतो, आणि तो रास्त असतो. छापून आल्यावर तर मागे सरायला जागाच नसते. 'सायन्स'मधल्या २००५ च्या मूलपेशींच्या निबंधावरून आपलं नाव काढा, असं दक्षिण कोरियाचे संशोधक ह्वांग वू-सुक यांचे सहलेखक जेराल्ड शॅटन यांनी त्याच डिसेंबरात कळवलं. एकट्याला असं नाव काढून घेता येत नाही, असं नियतकालिकाकडून उत्तर मिळालं. डेटा बनावट निघाला आणि जानेवारी २००६ मध्ये निबंधच मागे घेतला गेला. म्हणून सादर करण्याच्या आदल्या दिवशी अंतिम प्रत सगळ्यांना पाठवा आणि 'वाचलं, मंजूर' असं प्रत्येकाचं उत्तर आल्याशिवाय बटण दाबू नका. 'कोणाची हरकत नसेल तर पाठवते' या ईमेलला मौन मिळालं, तर ती मंजुरी धरू नका.