माझ्या कॉम्प्युटरवर तर नीट दिसतंय

‘तुम्हाला कॉम्प्युटर येतं ना, मग वेबसाइटचं तुम्हीच बघा.’ तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकू आलं की समजावं, कॉलेजात परिषद ठरली. सांगलीत माझ्या दुसऱ्याच वर्षी ‘अध्यापन आणि तंत्रज्ञान’ या विषयावर दोन दिवसांची परिषद ठरली आणि संयोजकांपासून शिपाईमामांपर्यंत सगळ्यांच्या मते मी कॉम्प्युटरवाली. शिकवते मराठी, बरं का.

समित्या, बीजभाषण, शाल-श्रीफळ हे तुम्हाला माहीतच असेल. तारखेबद्दल मात्र एक सांगते, जुलै-ऑगस्ट नको. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या सांगलीकराला हे सांगायला लागू नये, पण तारखा ठरवणारे लोक कॅलेंडरातल्या सुट्ट्या बघतात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी नाही. तिथं ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका; मग पाहुणे ठेवणार कुठं? पुढं परीक्षा आल्या. उरतात जानेवारी-फेब्रुवारी, तेव्हा शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत प्रत्येकाचीच परिषद असते. म्हणून वक्ते आधी पकडा, आणि गाडी सांगलीला थांबत नसेल तर तिकीट मिरजेचं काढायला सांगा.

आता माझी चूक. ही जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण अजून मला कुणी ‘फाइल उघडत नाही’ म्हटलं की पोटात गोळा येतो.

निबंधांचे गोषवारे, म्हणजे थोडक्यातला सारांश, आम्ही ई-मेलवर वर्ड फाइलमध्ये मागवले. निम्म्याहून जास्त मराठीतले. मी विभागातल्या कॉम्प्युटरवर एकेक उघडून वाचला, शुद्धलेखन तपासलं आणि त्याच फाइली वेबसाइटवर चढवल्या. सगळं झकास दिसत होतं. दुसऱ्या दिवशी जतहून एका सरांचा फोन: ‘मॅडम, माझा गोषवारा कुठल्या भाषेत लावलाय?’ मी मोबाइलवर उघडला, तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची भेळ. एकेक बघत गेले. एकोणीस गोषवारे तसेच.

झालं काय होतं, ते नीट समजून घ्या. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुरात मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्याच्यावर ‘क’चा मुखवटा चढवतो. फॉन्ट कॉम्प्युटरवर असेल तर मुखवटा दिसतो, नसेल तर खालचा चेहरा. आमच्या विभागात वार्षिकांक निघतो, म्हणून तिथं हे सगळे फॉन्ट आधीच भरलेले होते. म्हणजे जगात ज्या एका कॉम्प्युटरवर चूक दिसणं शक्य नव्हतं, नेमकी त्याच्यावर बसून मी तपासणी करत होते! दोष फॉन्टचा नाही. ते छपाईसाठी झाले आणि त्या कामाला अजूनही चोख आहेत. युनिकोड या जगभर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत मात्र ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळं कुठल्याही मोबाइलवर तो ‘क’च राहतो.

‘पीडीएफ करून टाका, संपलं,’ असं सल्लागार मंडळातल्या एका ज्येष्ठांनी सुचवलं. दिसायला संपतं. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधला जातो, पण आतला मजकूर तोच. निबंधाचं शीर्षक गुगलवर मराठीत शोधलं तर सापडणार नाही, आणि तंत्रज्ञानाच्या परिषदेत याची लाज वाटायला हवी. दुसरा सोपा रस्ता जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरचा. तोही केला. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर, रफार भलतीकडंच, आणि गोषवाऱ्यात मधेच आलेला ‘मूडल’सारखा रोमन लिपीतला शब्द असेल तर त्याचंही मराठी होऊन बसतं. कन्व्हर्टर वापरायचाच तर मूळ प्रत शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचा. मी एकोणीसपैकी अकरा शेवटी हातानंच टाइप केले, रात्री दोनपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातचा तास होता.

तुम्ही हे सगळं एका गोष्टीनं टाळू शकता. गुगल फॉर्ममध्ये फाइल मागूच नका, शीर्षक आणि गोषवारा यांसाठी मजकुराच्या चौकटी द्या. जुन्या फॉन्टातला मजकूर तिथं चिकटवला की कचरा दिसतो, आणि तो पाठवणाऱ्यालाच दिसतो. फाइल अपलोडचा प्रश्न ठेवला तर भरणाऱ्याला गुगल खात्यातून लॉगिन करावंच लागतं, निम्मे प्राध्यापक तिथंच अडकून तुम्हाला फोन करतात. पूर्ण निबंध मागवताना पहिला परिच्छेद व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवून बघा. मराठी दिसलं तर ठीक. आणि तपासणी स्वतःच्या कॉम्प्युटरवर कधीच करू नका, विद्यार्थ्याच्या स्वस्तातल्या मोबाइलवर करा.

बाकीचं फार अवघड नाही, घाबरू नका. साइट गुगल साइट्सवर फुकट होते. फक्त ती आणि फॉर्म कॉलेजच्या खात्यावर करा, तिसऱ्या वर्षाच्या हुशार मुलाच्या खात्यावर नको. तो जूनमध्ये पुण्याला जातो, पासवर्डसकट. प्रमाणपत्रं ई-मेलनं पाठवणार असाल तर साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० पत्तेच चालतात.

‘साइट, आयएसबीएन, जर्नल, सगळं आम्ही करतो’ म्हणणारे फोन करतील. माझं मत विचाराल तर फोन ठेवा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, अर्ज करायला लागतो एवढंच. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तरी तिच्या नावावर पैसे मागणारे अजून आहेत. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते विश्रामबागच्या एका डीटीपीवाल्या काकांनी. मुखवट्याची उपमा त्यांचीच. सल्लागार मंडळात त्यांचं नाव नव्हतं. पत्रिकेवर घ्या म्हटलं, तर म्हणाले, ‘त्यापेक्षा मागचं बिल द्या.’

यंदा पुन्हा परिषद आहे आणि वेबसाइट पुन्हा माझ्याकडं. चौकटीचा फॉर्म केलाय, शंभरावर गोषवारे आलेत, सगळे स्वच्छ युनिकोडमध्ये. एक सोडून. त्या मॅडमनी वहीत हातानं लिहून त्याचा फोटो पाठवलाय. अक्षर सुंदर आहे. आज रात्री टाइप करीन.