पत्ता पक्का नसलेल्या मुलांचा शाळाप्रवेश : या चुका टाळा

वीटभट्टीवरची झोपडी, बांधकामाच्या जागेवरची पत्र्याची खोली, ऊसतोड टोळीची कोपी किंवा पाडकामाची नोटीस लागलेली वस्ती, यांपैकी कोठेही राहणाऱ्या 6 ते 14 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्याने जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेतील सर्वसाधारण प्रवेशाला रहिवासी पुराव्याची अट घातलेली नाही. गाडी अडते ती शाळेच्या टेबलाशी, आणि तेथे होणाऱ्या चुका बहुधा त्याच त्या असतात.

पहिली चूक म्हणजे दोन प्रवेशांची सरमिसळ. खासगी विनाअनुदानित शाळांतील 25 टक्के राखीव जागांसाठी ऑनलाइन अर्ज करावा लागतो, शाळेपासूनचे अंतर मोजले जाते आणि पत्त्याचा पुरावा तपासला जातो. भाड्याने राहणाऱ्यांकडे नोंदणीकृत करार मागितला जातो. ही यादी कोणीतरी मोबाइलवर पाठवतो, आणि पालक शेजारच्या सरकारी शाळेत जाण्याऐवजी भाडेकराराच्या मागे लागतात. ज्याचे छप्पर पुढच्या महिन्यात राहील की नाही हेच ठाऊक नाही, त्याला घरमालक नोंदणीकृत करार कोठून करून देणार? राखीव जागेचा अर्ज जरूर करावा, पण मुलाचे नाव तोवर जवळच्या शाळेत घातलेले असावे.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र तोंडी नकार ऐकून परत फिरण्याची आहे. आई प्लॅस्टिकच्या पिशवीतून पावसात भिजलेले कागद काढते, टेबलापलीकडून “दाखला आणा, मग बघू” असे उत्तर येते, आणि ती एका दिवसाची मजुरी बुडवून दोनशे किलोमीटरवरच्या गावी जायचा बेत करते. तो बेत महिनोन्‌महिने लांबतो. कायद्याच्या कलम 5 प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर होणे हे प्रवेश नाकारण्याचे किंवा लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही. कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. जन्मदाखला नसेल तर दवाखान्यातील किंवा अंगणवाडीतील नोंद, आणि तीही नसेल तर पालकांचे वयाबाबतचे लेखी निवेदन चालते. आधारकार्डाच्या अभावी मुलाला शाळाप्रवेश नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मधील निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहावा, दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्यावी, आणि नकार असेल तर तो लेखी मागावा. लेखी नकार देण्याची वेळ आली की पुष्कळदा प्रवेशच मिळतो.

“आता वर्ष संपत आले, जूनमध्ये या” हे उत्तरही स्वीकारू नये. कलम 15 प्रमाणे मुदत उलटल्यानंतरही प्रवेश नाकारता येत नाही.

घर हलते तेव्हाची चूक अधिक सूक्ष्म आहे. वस्ती पाडली गेली की पालक घाईने दाखला काढून घेतात, नव्या जागी शाळा मिळायला दोन महिने जातात, आणि त्या काळात मूल कोणत्याच हजेरीपटावर नसते. नवी शाळा नक्की होईपर्यंत जुन्या शाळेतील नाव कमी करू नये, आणि ती शाळा चालत किंवा बसने गाठता येत असेल तर वर्ष तेथेच पूर्ण करावे. शाळा बदलावीच लागली, तर जुन्या शाळेने शिक्षण विभागाच्या संगणक प्रणालीतील मुलाची ऑनलाइन नोंद मोकळी केली आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारून घ्यावे. कागदी दाखला हातात असूनही या नोंदीपायी काम अडते. ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वीच वर्गशिक्षकांशी बोलणे आवश्यक आहे, कारण मूल आजीआजोबांकडे राहू शकत असेल तर त्याच्यासाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते, आणि सोबत जाणार असेल तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे नव्या गावच्या शाळेत दाखवून शिक्षण चालू ठेवण्यासाठीचे कार्ड, घेऊन जाता येते. टोळी निघाल्यावर शिक्षकांना कळले, तर यातले काहीच वेळेवर होत नाही.

प्रवेश झाल्यावर शाळेकडून होणारी एक चूक मला विशेष खटकते. दहा वर्षांच्या मुलीला अक्षरओळख नाही म्हणून पहिलीत बसवतात. बाकाखाली तिचे गुडघे मावत नाहीत, सहा वर्षांची मुले तिला ताई म्हणतात, आणि पंधरा दिवसांत ती धाकट्या भावाला सांभाळायला घरी थांबते. कलम 4 प्रमाणे तिला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा असतो आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी किमान 3 महिन्यांचे, गरज पडल्यास 2 वर्षांपर्यंतचे विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. चौदा वर्षे पूर्ण झाली तरी प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत ते मोफतच राहते.

तक्रार कोठे करावी, यातही गल्लत होते. शाळेशी वाद घालण्यात आठवडे घालवू नयेत. ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी अर्ज द्यावा. स्थानिक प्राधिकरणाने अशा तक्रारीवर 3 महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

शेवटची गोष्ट नावाची आणि जन्मतारखेची. निवेदनावरून प्रवेश होताना घाईत 1 जून ही तारीख टाकली जाते. आपल्याकडे एकेका वर्गात निम्म्या मुलांचा वाढदिवस त्याच दिवशी का येतो, याचे उत्तर येथे आहे. शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरमधील, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतील, दुरुस्ती फार किचकट होते. म्हणून नोंद होत असतानाच नाव, आडनाव आणि तारीख वाचून दाखवण्यास सांगावे, आणि शक्य असल्यास त्या नोंदीचा फोटो काढून तो गावाकडच्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनवरही पाठवून ठेवावा.