इंटरमिजिएट ड्रॉइंगला बसायचं की नाही? ठरवताना या चुका टाळा

शाळा सुरू होऊन जरा मार्गी लागली, की ड्रॉइंगच्या सरांपुढे पालक येऊन उभे राहतात. "मना आंडोर (माझा मुलगा) भारी चित्र काढस, सर. इंटरले बसाडू का?" जळगाव असो, शिरपूर असो की शहादा, प्रश्न हाच. इंटर म्हणजे इंटरमिजिएट, शाळकरी मुलांसाठीची सरकारी चित्रकला परीक्षा. सोबत दाखवायला मोबाइलमधला फोटोही ठरलेला: चौकटी आखून काढलेले शिवाजी महाराज. चित्र खरंच देखणं असतं. पण त्यावरून इंटरचा फॉर्म भरायचा निर्णय घेणं ही पहिली चूक आणि सगळ्यांत मोठीही तीच.

फोटोवरून काढताना अवघड काम कॅमेऱ्याने आधीच केलेलं असतं. गोल वस्तू सपाट कागदावर कशी दिसेल, उजेड कुठून येतो, जवळचं मोठं आणि लांबचं लहान किती, हे सगळं फोटोत ठरून गेलेलं असतं. मूल फक्त चौकटीतली रेघ चौकटीत उतरवतं. कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट परीक्षेत चार पेपर असतात: स्थिरचित्र (समोर मांडलेल्या वस्तूंचं), स्मरणचित्र (आठवणीतल्या प्रसंगाचं), संकल्पचित्र (नक्षीचं) आणि भूमिती-अक्षरलेखन. स्मरणचित्राला दोन तास, बाकी तिन्हींना तीन-तीन तास. यातल्या एकाही पेपरात मोबाइल समोर नसतो.

नववीतल्या अशाच एका मुलाचा नमुना बघा. वहीत नटांचे, क्रिकेटपटूंचे चेहरे एकाहून एक. त्याच्यापुढे स्टुलावर स्टीलचा लोटा, दोन केळी, एक भरताचं वांगं आणि मागे घडी मोडलेला टॉवेल एवढंच मांडलं. पहिला पाऊण तास खोडण्यात गेला. लोट्याचं तोंड लिंबाच्या फाकेसारखं, दोन्ही टोकांना अणकुचीदार. बूड मात्र पट्टीने मारल्यासारखं सरळ, म्हणजे तोंड वरून पाहिलेलं आणि बूड समोरून. तिन्ही वस्तू कागदाच्या मधोमध मुठीएवढ्या, भोवती पांढरा कागद मोकळा. दीड तासाने त्याने विचारलं, "सर, याचा फोटो काढून घेऊ का?" वडील म्हणाले, आज मूड नव्हता. मूडचा काही संबंध नव्हता. समोरची वस्तू बघायची त्याला कधी सवयच लागली नव्हती.

ही खोड सुटते, पण तिला आठवडे लागतात. पाणी प्यायचा स्टीलचा पेला डोळ्यांच्या रेषेत धरा: तोंड एक आडवी रेघ दिसतं. चार बोटं खाली न्या, बारीक लंबगोल दिसतो. मांडीवर ठेवा, जवळजवळ गोल. म्हणजे वस्तू नजरेच्या जितकी खाली, तितका लंबगोल भरलेला. म्हणूनच लोट्याचं बूड तोंडापेक्षा जास्त गोलाई दाखवतं. आधी मधली उभी रेषा, मग आडवी, मग लंबगोल, आणि त्याची टोकं कधीच टोकदार नाहीत. मागची, न दिसणारी बाजूही हलक्या हाताने पूर्ण काढायची, नंतर पुसायची. रोज वीस लंबगोल, दहा दिवस. कंटाळवाणं आहे, मान्य. ज्याला दहा दिवसही हे जमत नाही त्याने इंटरचा हट्ट धरू नये, असं आमचं सरळ मत आहे.

तेव्हा ठरवायची पद्धत घरच्या घरी. रविवारी सकाळी खिडकीजवळ साधारण दीड फूट उंचीचं स्टूल ठेवा. त्यावर तीन वस्तू, त्यातली एक चकाकणारी, एक भाजी किंवा फळ, आणि मागे एकरंगी कापड. मूल पाच-सहा फुटांवर बसवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. तीन तासांपैकी ३५ मिनिटं रेखाटन, १५ मिनिटं सगळीकडे हलका पहिला हात, ९० मिनिटं वस्तूंचं रंगकाम, २५ कापडाला, शेवटची १५ सावल्या आणि चमक यांना. वस्तूंनी कागदाचा साधारण दोन-तृतीयांश भाग भरला पाहिजे. चित्र चांगलं आलं का, हे पहिल्या रविवारी बघूच नका. बघायचं ते इतकंच, की पोरगं तीन तास बसलं का आणि मान वर करून वस्तूकडे किती वेळा पाहिलं. चार आठवड्यांनी तीच मांडणी पुन्हा करा. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि दुसरा सुधारलेला असेल तर बिनधास्त बसवा.

जमलंच तर पोराला एकदा चाळीसगावला घेऊन जा. स्टेशनजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आहे. टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड खेळवून फोटो काढण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच. मोबाइलवरून चेहरे उतरवणाऱ्यांनी मुद्दाम पाहावं, की कॅमेरा हातात घेण्याआधी या माणसाने वस्तूकडे किती पाहिलं असेल.

दुसरी चूक गुणांच्या हिशेबाची. दहावीला इंटरच्या ए ग्रेडला ७, बीला ५ आणि सीला ३ वाढीव गुण मिळतात. पाचशेपैकी सात म्हणजे १.४ टक्के. अकरावीच्या यादीत तेवढ्याने फरक पडतो हे खरं, पण आठवड्यातून दोनदा तीन-तीन तास, बारा आठवडे धरले तरी ७२ तास होतात. पोराचं गणित कच्चं असेल आणि चित्रकलेत जीव नसेल, तर तेच ७२ तास गणिताला द्या. सातांपेक्षा जास्त गुण वाढतील. उलट बारावीनंतर कलेकडे जायचं मनात असेल तर हिशेब वेगळा होतो. बीएफए या कलेच्या पदवीच्या राज्य प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हेच पुन्हा येतात. मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय १८५७ सालचं, आणि तिथे जायची स्वप्नं पाहणाऱ्या पोरांचा पाया या नववीतल्या लोट्या-पेल्यांवरच घातला जातो.

आता भूमिती. चित्रकलेची परीक्षा म्हणून बसलेली अर्धी पोरं इथे गळपटतात, आणि "भूमिती नंतर बघू" म्हणणाऱ्यांचा ग्रेड इथेच घसरतो. पंधरा दिवसांच्या क्रॅश कोर्सवाल्यांचा तर या पेपरात हमखास निकाल लागतो. घनभूमितीत नेहमीचा घोळ म्हणजे प्लॅन (वरून दिसणारी आकृती) आणि एलिव्हेशन (समोरून दिसणारी) यांची अदलाबदल. एक्स-वाय या मधल्या आडव्या रेषेच्या वर एलिव्हेशन, खाली प्लॅन. षटकोनी लोलक जमिनीवर उभा असेल तर आधी खालचा प्लॅन काढा, कारण षटकोनाचा खरा आकार तिथेच दिसतो; मग प्रत्येक कोपऱ्यातून वर रेषा नेऊन एलिव्हेशन पूर्ण करा. उलट सुरुवात केली की कडा कुठे येतात याचा अंदाजपंचे खेळ सुरू होतो. रचनेच्या रेषा २एच पेन्सिलीने अगदी हलक्या, उत्तराची आकृती एचबीने ठळक. रचनेच्या रेषा खोडायच्या नाहीत. उत्तर कसं आलं हे त्या दाखवतात. कंपासचा स्क्रू ढिला असेल तर दोन कंस काढेपर्यंत त्रिज्या बदलते आणि पंचकोनाची पाचवी बाजू लागतच नाही. पोरं मग प्रश्न चुकला म्हणतात. प्रश्न चुकलेला नसतो, वीस रुपयांचा कंपास चुकलेला असतो.

अक्षरलेखनात सगळ्या अक्षरांना सारख्या रुंदीचे डबे आखू नका. 'र' आणि 'क्ष' एकाच डब्यात बसवले की शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मधली मोकळी जागा डोळ्याने सारखी करा.

संकल्पचित्रात गाइडमधली तयार नक्षी पाठ करणं हा आळस आहे आणि तो लगेच ओळखू येतो. जळगावपासून अजिंठा साठेक किलोमीटरवर. तिथे पहिल्या-दुसऱ्या लेणीत सगळे भिंतीकडे बघत असतात, तुम्ही छताकडे बघा. चौकोनात वर्तुळ, वर्तुळात फुलांचे पट्टे, फळं, हंसांची रांग. जागा कशी भरायची आणि कुठे मोकळी सोडायची याचा धडा शेकडो वर्षांपासून तिथे उघडा आहे. घरी काडेपेटीएवढे तीन कच्चे आराखडे काढा, एक निवडा, रंग पाचच्या वर नेऊ नका. शेवटी काळ्या स्केचपेनने सगळीकडे किनार मारायची सवय असेल तर आत्ताच सोडा.

स्मरणचित्रात पोळ्याचं एकच चित्र घोकून जाणारे असतात, मग विषय बाजाराचा आला की बाजारातही बैल सजून उभे. आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका, कानबाई देवीची मिरवणूक, एसटी स्टँड, असं डोळ्यांसमोर घडणारं काढा. माणसं सहा-सात डोक्यांच्या उंचीची ठेवा.

पोस्टर कलरचा पांढरा प्रत्येक रंगात मिसळला की केळीसुद्धा खडूची दिसतात. पाऊस उघडून ऊन तापायला लागलं की आपल्याकडे पॅलेटमधला रंग भराभर वाळतो. मागच्या कापडाचा रंग अंदाजापेक्षा दीडपट कालवून झाकणाच्या डबीत ठेवा, दुसऱ्यांदा कालवलेली छटा जुळत नाही.

वेळेची चूकही घडते. आठवीत एलिमेंटरी, म्हणजे इंटरच्या आधीची परीक्षा, आणि नववीत इंटर, ही सरळ वाट. दहावीवर ढकललं की सराव परीक्षा आणि ड्रॉइंग एकमेकांच्या अंगावर येतात. शेतकऱ्याच्या घरात कापूस वेचणीही त्याच सुमारास लागते, तेव्हा घरातलं एक माणूस शनिवार-रविवारी मोकळं मिळेल का, हे फॉर्म भरायच्या आधीच घरात बोलून घ्या.

आणि फॉर्मवरचं नाव शाळेच्या रजिस्टरमध्ये आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा. वडिलांच्या नावापुढे एका ठिकाणी 'भाऊ' आणि दुसरीकडे नाही, एवढ्यानेही वाढीव गुणांचा प्रस्ताव अडतो. ग्रेडचं प्रमाणपत्र आलं की दोन झेरॉक्स काढून एक त्याच दिवशी शाळेत द्या.