गाडीच्या काळ्या प्लास्टिकवरचे ओरखडे कसे घालवायचे, आणि कुठे हात आवरायचा

गाडी कुठे घासली की पहिला मार खातं ते खालचं काळं प्लास्टिक. बंपरची खालची कड, चाकावरची क्लॅडिंग (म्हणजे वरून बसवलेलं प्लास्टिकचं आवरण), दारावरची पट्टी, आरशाचं बूड. ते मार खायलाच लावलेलं असतं म्हणा, पण काळ्यावर पांढरा ओरखडा लांबून दिसतो आणि एकदा दिसला की रोज दिसतो. मग माणूस काय करतो, पेंटचे चरे काढायचं रबिंग कंपाउंड घरात पडलेलंच असतं ते घेऊन घासत बसतो, आणि थोड्या वेळाने ओरखडा तसाच आणि त्याच्या भोवती पांढरट चट्टा नवीन.

तर आधी हे डोक्यात बसवा की पेंटचे उपाय या प्लास्टिकला चालत नाहीत. पेंटवर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर असतो, तो किंचित घासून सपाट केला की चरा जातो. इथे वर थरच नाही, काळा रंग प्लास्टिकमध्ये आतपर्यंत मिसळलेला आहे आणि वर जो बारीक दाणा दिसतो तो साच्यातून तसाच आलेला आहे. तो दाणा घासून गेला की गेला, तिथे गुळगुळीत चमकता डाग राहतो आणि तो मूळ ओरखड्यापेक्षा जास्त नजरेत भरतो. म्हणून इथलं सगळं काम दाणा वाचवून करायचं असतं.

सुरुवात धुण्यापासून, आणि हे टाळू नका कारण निम्मे "ओरखडे" नुसती मळाची रेघ निघतात. कार शॅम्पू, मऊ ब्रश, आणि ब्रश एकाच दिशेने नको, गोल गोल फिरवा म्हणजे दाण्याच्या खाचांमधली घाण निघते. तरी चिकट राहिलं तर ऑल पर्पज क्लीनर १ भागाला १० भाग पाणी घालून मारा, वाळू न देता धुऊन टाका. मग कोरडं करून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून मायक्रोफायबरने एकदा पुसा, म्हणजे आधी कोणी मारलेलं ड्रेसिंग (प्लास्टिक काळं चमकतं दिसावं म्हणून लावतात ते), सिलिकॉन, वॅक्स सगळं निघेल. हे निघालं नाही तर पुढचं काहीच नीट बसत नाही.

आता बघायचं की झालंय नेमकं काय. नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही आणि डाग थोडा वर आल्यासारखा लागतोय, रंगही वेगळा आहे, पांढरा लाल पिवळा काहीही, तर तो ओरखडा नाहीच, समोरच्या वस्तूचा रंग तुमच्या प्लास्टिकवर चिकटलाय. नख अडकत नाही पण पांढरट रेघ आहे तर वरवर खरवडलंय. नख अडकतं तर प्लास्टिक कापलं गेलंय. आणि चौथा प्रकार लोक विसरतात, जिथे भाग दाबला किंवा वाकला गेला तिथे ओरखडा नसतानाही प्लास्टिक पांढरं पडतं, तो आतला ताण असतो, वर कितीही घासलं तरी जात नाही.

याशिवाय एक सोपी टेस्ट, त्या जागेवर बोटाने थोडं पाणी लावा. ओल्यात ओरखडा दिसेनासा झाला तर तुमचं काम सोपं आहे, कारण तो पांढरेपणा म्हणजे खरबरीत झालेल्या पृष्ठभागावर उजेड विखुरला जातोय एवढंच, पाणी त्या बारीक खाचा भरतं म्हणून काळं दिसतं, आणि पाण्याच्या जागी टिकणारं काहीतरी भरलं की झालं. ओल्यातही पांढरं ठळक दिसत असेल तर नुसतं ड्रेसिंग मारून भागणार नाही.

चिकटलेला रंग काढायचा असेल तर साधी वाट धरा. आधी तेच अल्कोहोल कापडावर घेऊन डागावर अर्धा मिनिट धरून ठेवा आणि मग पुसा, लगेच घासू नका. नाही निघाला तर टार रिमूव्हर, म्हणजे डांबराचे डाग काढायचं द्रव, तोही कापडावर घेऊन, थेट फवारायचा नाही कारण शेजारी पेंट असतो. तरीही उरलं तर पांढरा मेलामाइन स्पंज ओला करून अगदी हलक्या हाताने. हा स्पंज दिसायला मऊ असला तरी तो खूप बारीक पॉलिश पेपरच आहे, त्यामुळे फक्त डागावर, चार हात फिरवले की थांबा, बघा, परत चार हात. चकचकीत प्लास्टिकवर तर तो आणूच नका, लगेच धूसर होतं. आणि थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर हे बाजूला ठेवा. क्लॅडिंग बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असते, तिला त्याने फार होत नाही, पण ग्रिल, आरशाचे भाग, पट्ट्या यात एबीएस हे दुसरं प्लास्टिक असू शकतं आणि ॲसिटोन एबीएसला चक्क विरघळवतं. कुठलं प्लास्टिक आहे हे बघायचं असेल तर भागाच्या मागच्या बाजूला > < अशा खुणांमध्ये कोरलेलं असतं, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा एबीएस वगैरे, भाग निघत असेल तर बघून घ्या.

वरवरच्या पांढरट रेघांना, म्हणजे ज्या ओल्यात नाहीशा होतात त्यांना, ट्रिम रिस्टोरर, म्हणजे बाहेरचं प्लास्टिक परत काळं करणारं द्रव, बास आहे. पण बाटल्यांमध्ये फरक असतो. तेलकट सिलिकॉनवालं ड्रेसिंग मारल्या मारल्या मस्त काळं दिसतं आणि दोनचार धुण्यात उतरतं, पाऊस पडला की शेजारच्या पेंटवर त्याचे ओघळही येतात. रंगद्रव्य असलेलं रिस्टोरर जास्त टिकतं कारण ते खाचेत काळं भरतं, पण हात काळे करतं आणि पेंटवर लागलं तर लगेच पुसावं लागतं. सिरॅमिक ट्रिम कोटिंग सगळ्यात टिकाऊ, फक्त खाली राहिलेला डागही तितक्याच टिकाऊपणे आत बंद होतो, म्हणून ते शेवटी. घरातलं तेल चोळायचा सल्ला खूप फिरतो, तो सोडून द्या, धूळ चिकटते आणि आठवड्यात जास्त कळकट दिसतं. लावायची पद्धत एकच, थोडं थोडं ॲप्लिकेटरवर घेऊन चोळायचं, पाचदहा मिनिटं मुरू द्यायचं, उरलेलं कोरड्या कापडाने पुसून काढायचं. पुसायचं विसरलात तर पट्टे पडतात. आणि उन्हात तापलेल्या प्लास्टिकवर लावू नका, मुरायच्या आत वाळतं.

आता हीट गन, म्हणजे खूप गरम हवा सोडणारं यंत्र, जिच्यावर लोक एकतर आंधळा विश्वास ठेवतात नाहीतर घाबरतात. ताणाने पांढरं पडलेलं प्लास्टिक आणि ओरखड्याच्या कडेचा पांढरेपणा यावर खरंच याच्याइतकं काही चालत नाही, कारण ताणाने आत पडलेल्या बारीक पोकळ्या उष्णतेने मिटतात आणि वरचा खरबरीतपणा किंचित वितळून बसतो. पण पॉलिप्रॉपिलीन १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, मऊ त्याच्या बरंच आधी पडतं, आणि हीट गनमधून हवा ३०० ते ६०० अंशांची येते. म्हणजे चूक करायला वेळ लागत नाही. शेजारच्या पेंटला मास्किंग टेप लावा, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, अल्कोहोल पूर्ण उडून गेलंय ना ते बघा (ते पेट घेतं), गन सगळ्यात कमी सेटिंगवर ठेवा आणि १५ सेंटीमीटरवरून सुरू करा, हात सतत हलता, एका जागी थांबायचंच नाही. पांढरं हळूहळू काळं व्हायला लागलं की तिथेच बंद. अजून थोडं अजून थोडं केलं की दाणा सपाट होऊन चमक येते, आणि ती चमक परत नेता येत नाही. पार्किंग सेन्सर, वायरिंग, रबर, दिवे यांच्या जवळ गन नकोच. एबीएसवरही नको, ते १०० अंशांच्या आसपासच मऊ पडून वाकडं होतं. पांढरा डाग छोटा असेल तर आधी हेअर ड्रायरच लावून बघा, वेळ लागतो पण नुकसान होत नाही.

उन्हाने सगळीच क्लॅडिंग राखाडी झाली असेल तर ती गनने काळी करतात असे व्हिडिओ भरपूर दिसतील. होते काळी, पण काही महिन्यांनी परत राखाडी पडते आणि दरवेळी भाजल्यावर प्लास्टिक आणखी ठिसूळ होतं. त्यासाठी रिस्टोरर वापरा, गन ओरखड्यापुरती.

नख अडकतं अशा खोल ओरखड्यात कडेला प्लास्टिकची कुसळं उभी राहिलेली असतात, आणि पांढरं जे दिसतं ते बऱ्याचदा त्या कुसळांमुळेच. नवीन ब्लेड अगदी आडवं धरून ती कापून टाका, ओढू नका, ओढलं की चीर लांबते. मग हीट गनने हलकं तापवून, उष्णता रोखणारा हातमोजा घालून, दाणेदार चामड्याचा तुकडा त्यावर दाबून धरा आणि थंड होईपर्यंत सोडू नका. मऊ प्लास्टिक चामड्याचा दाणा उचलतं. हुबेहूब कंपनीसारखं होत नाही पण उभं राहून बघितलं तर कळत नाही. बोटभर जागेपर्यंतच हे जमतं. वितभर ओरखड्यावर करायला गेलात तर नुसतं डागळलेलं प्लास्टिक हाती येईल.

मोठी जागा गेली असेल तर मग पूर्ण भाग घासून टेक्स्चर स्प्रे मारायचा, दुसरा इलाज नाही, आणि हे सुट्टीचा दिवस मोकळा असेल तरच काढा. भाग गाडीवरून काढता आला तर उत्तम. २४० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा बसवा, मग ४००, खड्डा असेल तर लवचीक प्लास्टिक फिलर, साधी लांबी (पुट्टी) नको कारण बंपर वाकला की ती तडकते. मग तेलकटपणा पुसून काढून ॲडहेशन प्रमोटर, म्हणजे प्लास्टिकचा प्रायमर. लोक हाच टाळतात आणि मग महिन्याभरात रंग सालपटासारखा निघतो, कारण पॉलिप्रॉपिलीनवर काहीच धड चिकटत नाही. त्यावर काळा टेक्स्चर बंपर स्प्रे, पातळ पातळ तीन थर, प्रत्येक थरानंतर १० ते १५ मिनिटं थांबून. स्प्रे जवळून मारला की दाणा बारीक आणि ओला पडतो, लांबून मारला की जाड आणि कोरडा, म्हणून आधी पुठ्ठ्यावर मारून शेजारच्या भागाशी मिळवून घ्या. मास्क लावा, हवा खेळती ठेवा. फक्त ओरखड्यापुरता पॅच मारू नका, कडा दिसतेच, भाग जिथे संपतो तिथपर्यंत मारा.

पियानो ब्लॅक, म्हणजे दारांमधल्या खांबावरची चकचकीत काळी पट्टी, हे सगळ्यात उलटं प्रकरण. तिथे दाणा नाही, त्यामुळे तिथे कंपाउंड चालतं. बारीक जाळीसारखे चरे असतील तर सरळ फिनिशिंग पॉलिश, मऊ फोम पॅड, हाताने किंवा मशीनला अगदी कमी स्पीड, कारण प्लास्टिक उष्णता पसरू देत नाही आणि एका जागी तापलं की धूसर होतं. थोडे खोल असतील तर आधी ३००० नंबरचा वॉटर पेपर भरपूर पाण्यात. २००० पर्यंत शक्यतो उतरू नका, वर पातळ क्लिअर कोट असेल तर संपून जातो. आणि कोरड्या कापडाने ही पट्टी कधीच पुसू नका, ते चरे बहुतेक तिथूनच येतात.

वर म्हटलेला कंपाउंडचा पांढरा चट्टा आधीच पडला असेल तर तो निघतो, घाबरू नका. तो पॉलिशचा वाळलेला थर दाण्यात अडकलेला असतो. ऑल पर्पज क्लीनर, जुना टूथब्रश, कोमट पाणी, दोनतीनदा. वॅक्सचा हट्टी असेल तर त्यावर हेअर ड्रायर फिरवून वॅक्स मऊ करा आणि लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या. पुढच्या वेळी पॉलिश करायच्या आधी प्लास्टिकच्या कडेला टेप लावा, दोन मिनिटांचं काम आहे.

हे सगळं करायच्या आधी मात्र भाग हाताने दाबून बघा. आत क्लिप तुटली असेल, भाग हलत असेल किंवा आरपार तडा गेला असेल तर पृष्ठभागावर वेळ घालवू नका, वेगळी निघणारी क्लॅडिंग असेल तर नवीन लावा. आणि रिस्टोरर किंवा कोटिंग मारल्यावर निदान २४ तास गाडी धुवायची नाही, पावसात न्यायची नाही, स्प्रे पेंट मारला असेल तर आठवडाभर तरी प्रेशर वॉशर त्या भागापासून लांबच ठेवा.