घरी शिकणाऱ्या दिव्यांग मुलाचे नाव शाळेच्या पटावर असू द्या

तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरीच शिकवण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने दिला आहे. मात्र समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय शिक्षण योजनेतून मिळणारी मदत पदरात पडावी यासाठी मुलाचे नाव जवळच्या शाळेच्या पटावर नोंदलेले असावे, आणि नेमके हेच पुष्कळ पालकांकडून राहून जाते. नाव नोंदवल्यावर मुख्याध्यापकांमार्फत तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे गृहाधारित शिक्षणासाठी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच आठवणीने घ्यावी. अर्जाला दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा वैश्विक ओळखपत्राची (यूडीआयडी कार्डाची) प्रत जोडावी. अपंगत्वाचे प्रमाण 40 टक्के किंवा अधिक असल्यास 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

विशेष शिक्षक घरी येऊ लागले की एका वहीत तारीख, त्यांची सही आणि त्या दिवशी काय घेतले, अगदी शर्टाचे बटण लावण्याचा सराव असला तरी, लिहून ठेवावे. भेटी थांबल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे हीच वही ठेवता येते. मुलगी असेल तर दरमहा 200 रुपयांप्रमाणे 10 महिन्यांच्या प्रोत्साहन भत्त्याबद्दल त्याच अर्जात विचारावे.