अर्काकडून धान्याकडे: माझा अनुभव
ओरेगॉनमधल्या घरी दोन वर्षे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) तयार अर्कापासून बिअर केल्यानंतर मी प्रथमच ४.५ किलो जवाचे माल्ट भरडून भिजवले, तेव्हा २० लिटर रसाचे हायड्रोमीटरवरील (द्रवाची घनता, म्हणजे त्यातली साखर मोजणाऱ्या उपकरणावरील) माप अपेक्षित १.०५० ऐवजी १.०३७ भरले. चोथा तळहातावर पसरून पाहिला, तर कित्येक दाणे अख्खेच होते आणि दाताखाली पिठूळ लागत होते. म्हणजे ज्याची साखर व्हायची, तो स्टार्च आतच अडकला होता. पुढच्या खेपेस गिरणीच्या रुळांमधील अंतर १ मिलिमीटरवर आणले (टरफल मात्र शाबूत हवे, कारण रस त्याच्याच थरातून गाळला जातो), कूलर (माल्ट भिजवायची, उष्णता टिकवणारी पेटी) आधी गरम पाण्याने तापवला आणि ७३ अंशांचे पाणी घातल्याने मिश्रण ६७ अंशांवर तासभर टिकले. बशीतल्या रसाच्या थेंबावर टाकलेले आयोडीन काळेनिळे झाले नाही, म्हणजे त्यात स्टार्च उरला नव्हता, तेव्हा फार समाधान वाटले. माप १.०४९ आले.