उतारवयात नव्यानं लागलेली काळजी: मागचं नैराश्य कसं ओळखाल?

आयुष्यभर निर्धास्त राहिलेल्या आई किंवा वडील पासष्टीनंतर ‘गॅस बंद केला का’, ‘फोन का नाही उचलला’ म्हणत घर डोक्यावर घेऊ लागले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. या वयात पहिल्यांदाच आलेल्या चिंतेमागे पुष्कळदा नैराश्य असतं. ‘मी उदास आहे’ असं ज्येष्ठ क्वचितच म्हणतात. धडधडतं, पोट साफ होत नाही, डोकं जड वाटतं, एवढंच सांगतात. मग ईसीजी होतो, नॉर्मल येतो आणि विषय तिथेच संपतो.

दोन आठवडे वहीत नोंद ठेवा. अंथरुणावर तासन्‌तास झोप लागत नसेल तर चिंतेचा संशय जास्त. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल तर नैराश्याचा. अनेकांना दोन्ही असतं. वजन आणि जेवणही लिहा. भजन, कट्टा, पेपर यांतलं काय सुटलं, ते तर नक्कीच.

डॉक्टरांकडे ही वही न्या, सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी. दम्याची काही औषधं आणि स्टिरॉइड यांनीही बेचैनी येते. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-12, साखर, सोडियम तपासायचं का, ते विचारा. जीडीएस-15 ही ज्येष्ठांमधलं नैराश्य चाचपणारी पंधरा हो-नाही प्रश्नांची चाचणी आहे. पाचच्या वर गुण म्हणजे निदान नव्हे, सविस्तर तपासणीची गरज.

सर्रास होणारी चूक म्हणजे झोपेसाठी अल्प्राझोलाम सुरू करून वर्षानुवर्षं घेत राहणं. चिंता तेवढ्यापुरती दबते, नैराश्य तसंच राहतं. वर तोल जातो, विसरभोळेपणा वाढतो, पडून खुब्याचं हाड मोडतं. पण रोजची गोळी एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानंच हळूहळू कमी करायची.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारखी औषधं चिंता आणि नैराश्य दोन्हींवर चालतात. या वयात सुरुवात कमी डोसनं होते. पहिले आठवडा-दोन आठवडे बेचैनी उलट वाढू शकते, आणि नेमकं तेव्हाच लोक गोळी सोडतात. त्रास फार असेल तर डॉक्टरांना फोन करा. फरक दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. या औषधांसोबत बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. गोंधळल्यासारखं वागणं, सुस्ती किंवा तोल जाणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, सकाळच्या उन्हात वीस मिनिटं चालणं, दुपारनंतर चहा नको. समुपदेशनाचाही उपयोग होतो. ‘या वयात कशाला’ म्हणून ते टाळू नका.

‘तुमच्यावर भार झालोय’ असं बोलणं आलं तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, गोळ्या आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा, लगेच दवाखान्यात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.